एमरेस ‘टॉट’ की ‘रिसर्च’? एका ओळीच्या उत्तरासाठी घातलेले खेटे

ब्रिटनमध्ये पदव्युत्तर प्रवेश घेताना बाकी काहीच मला जड गेलं नाही. गुणपत्रिका, इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रं हे सगळं वेळेत झालं. घोडं अडलं ते एकाच प्रश्नावर: मला मिळालेला एमरेसचा (मास्टर ऑफ रिसर्च) अभ्यासक्रम ‘टॉट’, म्हणजे शिकवला जाणारा, आहे की ‘रिसर्च’, म्हणजे संशोधनाचा? हे एका ओळीत सांगायला विद्यापीठाने जो घोळ घातला त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

ज्यांची सुरुवातच आहे त्यांच्यासाठी आधी फरक सांगते. टॉट म्हणजे वर्ग, मॉड्यूल, असाइनमेंट, परीक्षा आणि शेवटी एक लघुप्रबंध. पूर्ण मास्टर्स १८० क्रेडिटची असते, त्यात साधारण १२० मॉड्यूलची आणि ६० प्रबंधाची. मधेच थांबावं लागलं तर ६० क्रेडिटला सर्टिफिकेट आणि १२० ला डिप्लोमा मिळू शकतो. पूर्णवेळ केली तर बहुतेक ठिकाणी वर्षभरात संपते. रिसर्चमध्ये एक विषय, एक-दोन मार्गदर्शक, मोठा प्रबंध आणि शेवटी परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा, जिला तिथे सगळे ‘व्हायवा’ म्हणतात. पीएचडीला तीन ते चार वर्षं धरा. बऱ्याच विद्यापीठांत सुरुवातीला एमफिलसाठी नोंद होते आणि पहिल्या वर्षाच्या कामावर अपग्रेड मिळालं की मग खरी पीएचडी.

पदवीच्या नावावरून मात्र काहीही ठरवू नका. आपल्याकडे यूजीसीच्या २०२२च्या नियमांनी एमफिल बंद झाली, तिथे ती आहे. पण ऑक्सफर्डची एमफिल दोन वर्षांची आणि शिकवली जाणारी असते, आणि त्यांच्या पीएचडीला डीफिल म्हणतात. केंब्रिजच्या कित्येक एमफिल वर्षभराच्या टॉट आहेत. स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांत एमए ही चार वर्षांची पहिली पदवी, म्हणजे आपली बीएच. आणि या सगळ्यांच्या मधोमध एमरेस. थोडी मॉड्यूल, बाकी संशोधन.

मला परिसंस्थाशास्त्रातल्या एमरेसची ऑफर आली. टॉट की रिसर्च, काय फरक पडतो, असं कुणालाही वाटेल. फरक घरादाराला पडतो. १ जानेवारी २०२४ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी ब्रिटनने नियम बदलला. आता जोडीदार आणि मुलांना सोबत नेता येतं ते पीएचडीला किंवा ‘संशोधनाधारित उच्च पदवी’ला (सरकारी शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यांना वेगळी सवलत आहे). टॉट मास्टर्सला नाही. म्हणजे त्या एका शब्दावर माझा नवरा आणि सहा वर्षांची मुलगी माझ्यासोबत येणार की नाही, हे ठरणार होतं.

व्हिसाच्या नियमात व्याख्या स्पष्ट आहे. विद्यार्थ्याच्या एकूण मेहनतीत संशोधनाचा वाटा शिकवण्याच्या वाट्यापेक्षा मोठा हवा, आणि त्या स्वतंत्र कामाचं अंतिम मूल्यमापन पात्र व स्वतंत्र परीक्षकांकडून व्हायला हवं. दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. माझ्या अभ्यासक्रमात १२० क्रेडिट प्रकल्पाची, ६० मॉड्यूलची, म्हणजे पहिली अट तर सरळ दिसत होती. दुसरीबद्दल कुणी बोलायलाच तयार नव्हतं.

आधी प्रवेश विभागाला लिहिलं. उत्तर आलं की माहिती संकेतस्थळावर आहे. संकेतस्थळावर तोच अभ्यासक्रम एका पानावर टॉटच्या यादीत, दुसऱ्या पानावर रिसर्चच्या यादीत. शुल्काच्या तक्त्यात रिसर्चखाली, आणि अर्जाच्या पोर्टलवर ‘टॉट’ निवडल्याशिवाय त्याचं नावच दिसेना. मी चारही पानांचे स्क्रीनशॉट जोडून पुन्हा लिहिलं. त्यांनी मला ग्रॅज्युएट स्कूलकडे पाठवलं, ग्रॅज्युएट स्कूलने आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडे, आणि तिथून उत्तर आलं की व्हिसाबद्दलचा सल्ला कॅस मिळाल्यानंतरच दिला जातो. कॅस म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला प्रवेशाचा पुरावा. तो मिळणार डिपॉझिट भरल्यावर. डिपॉझिट परत मिळणार व्हिसा नाकारला गेला तरच. मला व्हिसा मिळेल, पण घरच्यांना मिळणार नाही, अशा वेळी पैसे गेलेच!

मला सगळ्यात लागलं ते हे की प्रत्येकाचं उत्तर शिष्टाचाराचं होतं, पण माझा प्रश्न कुणी वाचलेलाच नव्हता. ‘तुमच्या पुढील वाटचालीला शुभेच्छा’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. इकडे नवऱ्याला नोकरीचा राजीनामा कधी द्यायचा ते ठरवायचं होतं, मुलीच्या शाळेची पुढच्या वर्षाची फी भरायची मुदत जवळ आली होती. आम्ही रोज संध्याकाळी मेल उघडायचो आणि बंद करायचो.

शेवटी सुटलं ते दोन गोष्टींमुळे. एक, अभ्यासक्रमाचा अधिकृत आराखडा, ज्याला ‘प्रोग्राम स्पेसिफिकेशन’ म्हणतात, तो विभागाच्या पानाच्या तळाशी पीडीएफमध्ये सापडला. त्यात क्रेडिटची विभागणी आणि अंतिम प्रबंध कोण तपासणार हे नीट लिहिलेलं होतं. दोन, विद्यापीठात व्हिसाचे नियम पाळले जातात की नाही हे बघणारा एक वेगळा कम्प्लायन्स विभाग असतो, हे एका जुन्या विद्यार्थिनीने सांगितलं. त्यांना आराखडा जोडून एकच प्रश्न विचारला: ‘हा अभ्यासक्रम विद्यापीठ व्हिसासाठी संशोधनाधारित उच्च पदवी मानतं का, आणि कॅसवर तसंच येईल का?’ दुसऱ्याच दिवशी दोन ओळींत होकार आला. मला अक्षरशः रडू आलं. डिपॉझिट, कॅस, तिघांचे व्हिसा, पुढचं सगळं सुरळीत झालं.

तेव्हा डिपॉझिट भरण्याआधी हे लेखी घ्याच, आणि थेट कम्प्लायन्सकडून घ्या. दुसऱ्या विद्यापीठातल्या मैत्रिणीच्या एमरेसवर विसंबू नका. एक विद्यापीठ एमरेसला संशोधनाची पदवी मानतं, शेजारचं मानत नाही, कारण दोघांचे आराखडेच वेगळे असतात.

आणखी एक आठवलं. टॉट मास्टर्सवाल्यांना उन्हाळा सुट्टीचा वाटतो, पण तो प्रबंधाचा काळ असतो. त्यामुळे आठवड्याला २० तासांची कामाची मर्यादा तेव्हाही लागू राहते. उन्हाळ्यात पूर्णवेळ काम करून खर्च भागवू, असा हिशोब मांडू नका.

पीएचडीला जाणार असाल तर अर्जाआधी मार्गदर्शकाला लिहा. त्यांची कामं वाचून, तुमचा प्रश्न दोन परिच्छेदांत मांडून. तिथे मार्गदर्शकाची तयारी नसेल तर चांगले गुणही कामाला येत नाहीत. पदार्थविज्ञान, रसायन अभियांत्रिकी, पदार्थ अभियांत्रिकी अशा विषयांत असाल तर एटास मंजुरी (संवेदनशील विषयांसाठी ब्रिटन सरकारची आगाऊ परवानगी) लागते का, ते ऑफर आल्याच दिवशी विचारा. भारतीयांना त्यातून सूट नाही, आणि निर्णयाला किमान ३० कामाचे दिवस धरायला सांगतात. अर्जासाठी विषयाचा कोड आणि संशोधनाचं वर्णन विद्यापीठच देतं, त्यामुळे तेही त्याच मेलमध्ये मागून घ्या.