पप्पांच्या कोटाचे खांदे

शनिवार, रात्र

पप्पांचा लग्नातला कोट, १९८६ सालचा. छाती, कंबर, उंची मला चपखल बसतात. खांदे तेवढे दोन्हीकडे बोटभर बाहेर. तेव्हाची फॅशनच तशी, जाड पॅड आणि रुंद तिरा, म्हणजे गळ्यापासून बाहीपर्यंतचा खांदा. लक्ष्मीपुरीतल्या एका मास्तरांना दाखवला. "कंबर घेतो, बाही घेतो, अस्तर बदलून देतो. खांद्याला हात लावत न्हाई," म्हणाले. त्यांचं बरोबर आहे. कॉलर, बाही, छातीचा कॅन्व्हास (आतलं ताठ कापड) आणि पाठ सगळं तिथंच येऊन मिळतं, एक शिवण सरकवली की बाकीच्या ओढल्या जातात. म्हणून घरीच घेतला.

आधी कापड बघितलं. आतल्या दुमडीतून एक धागा काढून पेटवला. केस जळल्याचा वास आला, थोडी राख झाली आणि टोकाला कडक गाठही राहिली. म्हणजे टेरीवूल, लोकर आणि पॉलिएस्टरचं मिश्रण. यावर इस्त्री थेट फिरवायची नाही, चकाकी येते ती जात नाही. ओलं फडकं मध्ये हवंच.

मग डाव्या मुंढ्याजवळचं, म्हणजे बाही जिथं जोडतात तिथलं, अस्तर उसवलं. आतलं काम सगळं हाताचं. पॅड शिवणीच्या मायेला, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या जादा कापडाला, सैल टाक्यांनी धरलेलं, बाहीच्या डोक्याखाली कापसाची पट्टी. पाठीचा खांदा पुढच्यापेक्षा जरासा लांब ठेवून जिरवलेला, म्हणजे जादा कापड चुणी न पाडता शिवणीत सामावलेलं. बाहेरून यातलं काही दिसत नाही. हे ज्यानं केलं त्याचं नाव कोटावर कुठंच नाही, लेबल पार धुवून गेलंय.

उजवीकडचंही उसवलं, तर त्या पॅडला खालून कापसाचा एक थर जादा. आधी वाटलं नंतर कुणी दुरुस्ती केली असेल, पण दोरा तोच, टाके तेच. पप्पा टीव्ही बघत होते.

"पप्पा, तुमचा उजवा खांदा उतरता हाय?"

"कोण म्हणतंय?"

"तुमचा टेलर."

उठून आरशासमोर गेले, बनियनवर. बराच वेळ बघितलं. "एवढी मापं घेतली, एका शब्दानं बोलला न्हाई की गडी."

आई आतून म्हणाली, मला लग्नापासनं म्हाईत हाय.

रविवार

पाऊस, त्यामुळे दिवसभर हेच. कापायचं काहीही नाही, हे आधीच ठरवून टाकलं. इंटरनेटवर लोक सरळ कात्री चालवतात, पण एकदा कापलेला मुंढा परत वाढत नाही. मी फक्त शिवण आत सरकवणार: तिऱ्याच्या टोकाला अर्धा इंच, तिथून पुढं-मागं कमी करत मुंढ्याच्या निम्म्यावर शून्य. काखेतली शिवण तशीच. उरलेली माया बाहीत वळवायची, म्हणजे बाहीच्या डोक्याला आधारही मिळतो. उद्या कुणाचे खांदे रुंद निघाले तर उसवून पूर्ववत.

बाही सोडण्याआधी तिऱ्याची शिवण बाहीवर कुठं येते ते पांढऱ्या दोऱ्यानं टाचून घेतलं. खडू ओल्या फडक्याखाली पुसला जातो. जुनी पॅडं काढली, पण नुसती काढून भागत नाही; खांद्याखाली कापड लोंबतं आणि तिरकी सुरकुती पडते. महाद्वार रोडजवळच्या गल्लीत टेलरिंगच्या सामानाचं दुकान आहे, तिथून पातळ पॅडं आणली होती. पॅड बसवून कच्चा टाका घातला, अंगात घालून बघितलं, तरी सुरकुती थोडी होतीच. तिऱ्याची शिवण बाहेरच्या टोकाला अगदी थोडी दाबून घेतल्यावर गेली.

आईची पायमशीन आहे, तरी मुंढा हातानंच, दुहेरी दोऱ्यानं, उलटी टीप घालत, म्हणजे प्रत्येक टाका मागे घेत, शिवला. मशीनच्या पायाखाली पॅड, कॅन्व्हास आणि जिरवलेली बाही एकदम आवरत नाहीत. बाही मुंढ्यापेक्षा मोठी असते. तो जादा भाग चुणी न पाडता वरच्या अर्ध्यात पसरवायचा, हेच खरं काम. इथं घाई करणाऱ्याला खांद्यावर फुगे मिळतात.

डावी बाजू झाली. खांदा आत गेला तशी बाहीही अर्धा इंच वर गेली, मनगट दिसतंय. बाहीच्या मोहरीत, म्हणजे मनगटाकडच्या तोंडाला, दुमड भरपूर ठेवलीय, ती सोडता येईल.

उजवीकडं जादा थर घालायचा की नाही, म्हणून धाकट्याला मागून फोटो काढायला लावला. माझा उतरता खांदा डावा निघाला. म्हणजे झालेली बाजू थोडी उसवून तिथं थर घालायचा, मगच उजवीला हात. जुन्या पॅडातलाच कापूस वापरीन. चांगला आहे अजून.