पंख्याचं बटण

"पंखा डायरेक्ट करून देऊ का?" हा प्रश्न गॅरेजमध्ये कधीच ऐकला नसेल, तर तुमची गाडी अजून नवी आहे असं खुशाल समजा. डायरेक्ट म्हणजे किल्ली फिरवली की इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरचा पंखा सुरू, तो थेट किल्ली काढेपर्यंत. पाणी तापलं की पंखा लावणारा थर्मोस्विच गेला असो, वायर कुजलेली असो, मिस्त्रीचा प्रश्न पाच मिनिटांत मिटतो. मोटर मात्र थंडीतल्या पहाटेही भणभणत राहते, बॅटरी चार्ज करणाऱ्या आल्टरनेटरवर फुकटचा बोजा पडतो, आणि चार महिन्यांत मोटरचे कार्बन ब्रश शोधत आपण पुण्याच्या नाना पेठेत.

फिअट आणि अँबॅसेडरला हा घोर नव्हता. इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेलं, पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर. इंजिन फिरतंय तोवर तोही फिरणार. १९८३ मध्ये मारुती आली ती आडवं इंजिन घेऊन. अशा गाडीत पट्टा रेडिएटरपर्यंत नेणं अडचणीचं, म्हणून पंख्याला स्वतःची मोटर. मोटर आली म्हणजे ती कधी फिरवायची हे ठरवणारा कुणीतरी हवा. ते काम थर्मोस्विच करतो. पितळी अंगाचा, अंगठ्याएवढा. पाणी नव्वदीच्या पुढे ठरलेल्या अंशावर गेलं की आतली धातूची चकती टक्कन उलटते, सर्किट पूर्ण होतं. काही अंश उतरलं की चकती परत जागेवर.

सपाट रस्त्यावर साठच्या वेगात त्याला फारसं काम नसतं, समोरून येणारा वारा पुरतो. खरी परीक्षा पसरणीच्या घाटात. मे महिना, रविवार, वाई सोडलेली, पुढे एसटी, तिच्याही पुढे उसळत्या उत्साहाची पाचगणीकडे निघालेली रांग. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. इंजिन घाम गाळतंय आणि वारा शून्य. तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकतो, आणि मग गाडीत बोलणं बंद होतं. जुने ड्रायव्हर अशा वेळी हीटर लावतात. इंजिनाची उष्णता गाडीत ओढून घ्यायची, काचा खाली करायच्या आणि सगळ्यांनी मिळून भाजायचं. उपाय खरा आहे, पण सासूबाई मागच्या सीटवर असताना करून पाहू नये.

म्हणून बटण. काटा चढायच्या आधीच, घाटाच्या पायथ्याशी पंखा सुरू करता यावा एवढीच इच्छा. आमच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला सांगितलं तर तो म्हणाला, "काका, मग डायरेक्टच करू ना!" त्याला बसवून चहा पाजावा लागला.

मुद्दा असा की बटण थर्मोस्विचच्या जागी नाही, त्याच्या जोडीला हवं. पंख्याचा जड करंट डॅशबोर्डपर्यंत आणायचा नाही, नाहीतर बटणच वितळेल. मध्ये रिले, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच. त्याच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीतून फ्यूजमार्गे करंट, ८७ वरून पंख्याला. ८६ ला किल्ली चालू असतानाच मिळणारा करंट, म्हणजे बटण चालू राहून गेलं तरी सकाळी बॅटरी उतरलेली सापडणार नाही. उरली ८५. तिला अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी जोडणी, मिळाला की रिले टिक्‌ करते. हा अर्थ थर्मोस्विच देईल किंवा बटण दाबून मी देईन, दोघांपैकी कुणीही. त्यामुळे या बटणाने पंखा सुरू करता येतो, पण थर्मोस्विचने लावलेला पंखा बंद मात्र करता येत नाही. मला हीच गोष्ट सगळ्यात आवडली. माणसाच्या हातात अधिकार द्यावा तो असा.

बटणातला छोटा दिवा आम्ही ८७ वरून घेतला. त्यामुळे थर्मोस्विचने आपणहून पंखा लावला तरी तो पेटतो. काटा वर चाललाय आणि दिवा विझलेलाच, तर थर्मोस्विच, फ्यूज किंवा रिले यांपैकी कुणीतरी संपावर आहे हे बसल्या जागी कळतं. पेटलेला दिवा मात्र करंट गेला एवढंच सांगतो. मोटर जळलेली असेल तरी तो हसऱ्या चेहऱ्याने पेटणार. आणि रेडिएटरमध्ये पाणीच नसेल तर पंखा काय करील? कोरड्या रेडिएटरला वारा घालून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं सील, वाचत नाही.

वायर इंजिनाकडून आत आणताना पत्र्याच्या भोकात ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं, बसवायलाच हवं. पत्र्याची धार इन्सुलेशन सावकाश कापत राहते. इलेक्ट्रिशियन टेप गुंडाळून मोकळा होत होता. इथे मी अडून बसलो.

बेस मॉडेलच्या डॅशबोर्डवर कोऱ्या पट्ट्या असतात, वरच्या मॉडेलवाल्यांना काय काय मिळालंय याची रोज आठवण करून देणाऱ्या. त्यातली एक काढून तिथे बटण बसवलं. बाजारात मापाचं मिळालं ते फॉग लॅम्पचं, त्यामुळे भर उन्हात आमच्या डॅशबोर्डवर धुक्याचं चित्र उजळतं. गेल्या महिन्यात मेव्हणे गाडी घेऊन महाबळेश्वरला गेले. परत आल्यावर किल्ली देत म्हणाले, "गाडी झकास आहे तुमची, फक्त त्या फॉग लॅम्पचा उजेड कुठे पडतो ते काही कळलं नाही. आवाज मात्र जोरात येतो."