तुम्ही विचारलंत म्हणून: पुण्यात थंडी असते कुठे?

विणकामाची पिशवी घेऊन कुठेही बसलं की हा प्रश्न येतोच. बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्यात नंबर लावून बसल्यावर. "अहो, पुण्यात थंडी असते कुठे? मग हे मफलर, हातमोजे विणता कोणासाठी?" विचारणाऱ्याच्या अंगात बहुतेक वेळा हाफ स्वेटर असतो, ते सोडा.

थंडी असते, पण अर्धवेळ कामाला येते. जानेवारीत पहाटेचा पारा सरासरी ११ अंशांच्या आसपास, शहराच्या कडेला पाषाणमध्ये किंवा एनडीएकडे (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडे) त्याहून खाली, आणि त्याच दिवशी दुपारी ३०. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला अजून 'सिमला ऑफिस'च म्हणतात. कचेरी आली, थंडी तेवढी तिकडेच राहिली. म्हणून पुण्यातल्या माणसाला द्यायची वस्तू अशी हवी, की सकाळी तळजाईच्या टेकडीवर फिरायला जाताना घालता यावी आणि दहा वाजता काढून पिशवीत कोंबता यावी. मफलर, कानटोपी, हलकी शाल. बस.

हातमोजे मी पुण्यात कोणालाच देत नाही. ते सगळ्यांना हवे असतात स्कूटरसाठी, आणि विणलेले हातमोजे स्कूटरवर कुचकामी. टाक्याटाक्यातून वारा आत शिरतो आणि ब्रेकवर बोटं घसरतात. लांब मफलरचंही तेच. टोकं लोंबत राहिली तर चाकात जायची भीती, म्हणून दुचाकीवाल्यांना मी आखूड मफलर देते, गळ्याशी बटण लावून.

हातमोजे जातात परदेशी. माझ्या भाचीची मुलगी टोरंटोला आहे. तिथे बर्फात खेळायचं तर पाच बोटांचे मोजे नकोत. चारही बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा अशी पिशवीच बरी. बोटं एकमेकांना ऊब देतात. माप मी असं मागवते: चौकटीच्या वहीवर हात ठेवून पेन्सिलीने कड काढायची आणि फोटो पाठवायचा. चौकटी मोजल्या की पंजाची रुंदी कळते, आणि अंगठा नेमका कुठून फुटतो तेही. हे दुसरं जास्त महत्त्वाचं. दोन्हीकडे टोक असलेल्या चार सुया, तिघींवर टाके आणि चौथीने विणायचं. मनगटाला एक सुलट, एक उलट. पुढे एक फेरी सोडून एक, अंगठ्याच्या दोन्ही बाजूंना टाका वाढवत न्यायचा. पुरेसे झाले की ते टाके वेगळ्या रंगाच्या दोऱ्यावर उतरवून ठेवायचे, पंजा पुरा करायचा आणि मग अंगठ्याकडे परत यायचं. तिथे बेचक्यात हमखास भोक राहतं. त्या जागी दोन टाके जास्तीचे उचलायचे आणि पुढच्या फेरीत जोड्यांनी विणून टाकायचे. शेवटी क्रोशाने लांब साखळी घालून दोन्ही मोजे जोडायचे. ती दोरी कोटाच्या एका बाहीतून पाठीमागून दुसऱ्या बाहीत जाते. दोरी नसेल तर शाळेत एक मोजा पहिल्याच आठवड्यात हरवतो, असं भाची सांगते.

लोकर कोणती, हे पण माणूस बघून. बर्फासाठी खरी लोकर हवी, कारण ती बरंच पाणी पिऊनही ऊब सोडत नाही. पुण्यातल्या मफलरला मात्र मी सरळ ॲक्रिलिक घेते. नावं ठेवणारे ठेवोत. घरात मशीन आहे, ते लावणारा मुलगा आहे, आणि खरी लोकर गरम पाण्यात फिरवली की आटून बाहुलीच्या मापाची होते. शिवाय कसर लागते. दख्खनी मेंढीची लोकर वापरा, असं कोणी कोणी सुचवतं. अभिमान मलाही आहे, पण ती घोंगडीची लोकर. राठ असते, गळ्याला टोचते. गळ्यासाठी खरी लोकर घ्यायचीच तर मेरिनो मेंढीसारखी बारीक तंतूचीच हवी. लक्ष्मी रोडवर घ्यायला गेलात तर एका वस्तूला लागेल तेवढी एकदम घ्या आणि प्रत्येक गुंड्यावरचा लॉट नंबर बघा. एकाच रंगाच्या दोन लॉटमधला फरक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही, उन्हात दिसतो.

शालीचं वेगळंच. पुण्यात शाल देणं म्हणजे श्रीफळाबरोबर देणं, आणि निवृत्त प्राध्यापकाच्या कपाटात सत्काराच्या शाली इतक्या असतात, की त्यांना आणखी एक दिली तर ते घाबरतात. मी विणते ती मिरवायची शाल नसते. आमच्या शेजारच्या आजींना दिली ती अंगभर नाही, कोपरापर्यंतच, आणि पुढे दोन काज. चहाचा कप धरला तरी खांद्यावरून ओघळत नाही. जाळीची वीण घेतली नाही. त्यांच्या बांगड्या अडकतात. तान्ह्या बाळाच्या शालीलाही जाळी नको, त्यात इवलीशी बोटं गुंततात. तिथे साबुदाणा वीण. दोन्हीकडून सारखी दिसते आणि कडा वळत नाहीत.

यानंतरचा प्रश्न ठरलेला: "मग विकत का देत नाही?" हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांकडे मशीनचं स्वेटर ज्या भावात मिळतं, त्यात माझी मेरिनोसुद्धा येत नाही. मजुरी धरली तर तुम्ही मला वेड्यात काढाल, आणि न धरता विकणं मला पटत नाही. त्यापेक्षा फुकट देते आणि ज्याला द्यायचं ते मी ठरवते.

तुम्हाला मफलर हवा असेल तर दिवाळीसाठी आषाढातच सांगा. वैशाखात मी सुया हातात घेत नाही, घामाने लोकर बोटांना चिकटते. गळ्याला काय टोचतं, गाडी कोणती चालवता आणि घरात कपडे कोण धुतं, एवढं कळवा. रंग तुमच्या आवडीचा, फक्त काळा सोडून. मी विणते रात्री, आणि काळ्या लोकरीचे टाके दिव्याखाली मला दिसत नाहीत.