तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीखालची कामं घरी

जुन्या एसयूव्हीचं सायलेन्सर आणि सस्पेन्शनचं काम घरच्या घरी खरंच जमतं का, असं मला नेहमी विचारतात. जमतं. फक्त जोरापेक्षा सबुरी जास्त लागते.

सायलेन्सरचे नट वर्षानुवर्षं तापून, निवून, चिखलपाणी खाऊन गंजलेले असतात. घाईने पाना ओढला की स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, तुटतो, आणि तो मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या नळीचा निघाला तर तासाभराचं काम दोन दिवसांवर जातं. म्हणून मी आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर मुरू देतो. नट मध्येच अडला तर थोडा परत आवळतो, मग पुन्हा सोडवतो. सांध्यातली गळती रोखणारं गॅस्केट दर वेळी नवं. थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक येते आणि गरम झाल्यावर थांबते? मग मॅनिफोल्डपाशी गळती शोधा. धातू तापून फुगतो आणि फट तेवढ्यापुरती बुजते. तसंच चालवत राहू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो आत बसलेल्यांपर्यंत पोहोचू शकतो.

सस्पेन्शनचा धडा मला लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या बुशनी, त्याच्या सांध्यातल्या रबरी तुकड्यांनी दिला. पहिल्यांदा बसवले तेव्हा गाडी स्टँडवर होती, चाकं लोंबत होती आणि मी बोल्ट तसेच पूर्ण आवळले. बुशमधलं रबर आतल्या-बाहेरच्या दोन्ही नळ्यांना घट्ट चिकटलेलं असतं. ते फिरत नाही, पिळलं जातं. गाडी खाली उतरल्यावर आर्म वर गेला आणि रबर उभ्या गाडीतही पिळलेलंच राहिलं. नवे बुश काही महिन्यांत चिरले. फार वाईट वाटलं. आता बोल्ट हलके लावतो, गाडीचं वजन चाकांवर घेतो आणि मगच टॉर्क पान्याने (किती जोर लागतोय ते दाखवणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळतो. नंतर चाकांची अलाइनमेंट करून घेतो.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मी कधीच जात नाही. पक्की सपाट जमीन, चेसिसखाली स्टँड, टेकलेल्या चाकांना अडण, आणि खाली शिरण्याआधी गाडीला एक जोरदार धक्का. स्ट्रटवरची, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बरभोवतीची स्प्रिंगही मी सोडवत नाही. दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीव घेऊ शकते.

पहिलंच काम करणार असाल तर स्टॅबिलायझरचा, म्हणजे वळणावर गाडीचं कलणं कमी करणाऱ्या बारचा, लिंक रॉड घ्या. खड्ड्यात खटखट बऱ्याचदा त्याचीच असते. बहुतेक गाड्यांत एका बाजूला दोनच नट. पुढची दोन्ही चाकं सारखीच उचला, म्हणजे बारवर पीळ राहत नाही आणि रॉड हाताने निघतो.