खरं कॅल पॉली कोणतं?

आज हळदीकुंकवाला एका काकूंनी लेकीला विचारलं, कुठे शिकतेस गं, ती म्हणाली कॅल पॉली (कॅलिफोर्नियातलं विद्यापीठ, या नावाची वेगवेगळी विद्यापीठं सॅन लुईस ऑबिस्पो, पोमोना अशा गावांत आहेत), तर लगेच "सॅन लुईस ऑबिस्पो का?" आणि पोमोना म्हटल्यावर "अच्छा, म्हणजे ते दुसरं होय"... पोरीचा चेहराच उतरला हो, तिळगूळ हातात तसाच. मला फार लागलं ते.

मान्य आहे, ऑबिस्पोचं जुनं, १९०१ चं, अॅडमिशन मिळणं पण जास्त अवघड, रँकिंगमध्ये पण वर. पण पोमोना कुठून आलं? १९३८ मध्ये त्यांचीच दक्षिणेकडची शाखा म्हणून सुरू झालं, १९६६ ला वेगळं झालं, म्हणजे सख्ख्या बहिणीच ना, दोघींची शिकवण्याची पद्धत पण एकच, करून शिका!

आणि १ जानेवारीच्या रोझ परेडमध्ये (पासाडेनातली फुलांच्या चित्ररथांची मिरवणूक) तर दोन्हीकडची पोरं मिळून एकच चित्ररथ काढतात, १९४९ पासून. अर्धा सांगाडा तिकडे अर्धा इकडे, मग त्यांचा अर्धा पोमोनाला आणून जोडतात, वेल्डिंग, हायड्रॉलिक्स सगळं पोरंच करतात. डिसेंबरचा शेवटचा आठवडा माझी लेक रात्र रात्र फुलं चिकटवत होती, शेजारी ऑबिस्पोची मुलगी, दोघी एकाच डब्यातून पोहे खात होत्या, मीच दिले होते करून. तिथे कुणी कुणाला दुसरं म्हणत नव्हतं.

घरी येताना गाडीत लेक गप्पच होती, मग मीच तिला फ्लोटचे फोटो दाखव म्हटलं.