बारीक दोरी, जाड फास

धनुष्याची दोरी बारीक करायची म्हणजे धागे कमी करायचे, एवढंच धरून चाललं की थोड्याच दिवसांत धनुष्याच्या टोकाच्या खाचेत दोरी रुतलेली दिसते. बारीक ठेवायचं असतं ते दोरीचं मधलं अंग. धनुष्याच्या टोकांत अडकणारे दोन्ही फास जाडच हवेत. उस्मानी तुर्क लांब पल्ल्याच्या धनुष्यांना रेशमी धाग्यांची लड वापरत आणि तिच्या दोन्ही टोकांना घट्ट पिळाचे वेगळे फास गाठीनं जोडत. आपण एकाच दोरीत तेच साधतो, फक्त गाठ न मारता.

बारीक दोरीचा हट्ट कशासाठी, तर वजनासाठी. बाण सुटताना दोरीचा मधला भाग बाणाइतक्याच वेगानं धावतो, टोकं त्या मानानं फारच कमी हलतात. हिशेबानं दोरीच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग बाणाच्या वजनात मिळवायचा. म्हणजे दोरी ६० ग्रेननं (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) हलकी झाली तर बाण २० ग्रेननं हलका केल्यासारखं. पण दोरीच्या मधोमध लावलेली कुठलीही गोष्ट जवळजवळ पूर्ण वजनानं मोजली जाते. म्हणून धागे वाचवायचे आणि मधे नऊ-दहा इंच जाड सर्व्हिंग (बाण लावायच्या जागी दोरीवर घट्ट बसवायचा राखणीचा दोरा) गुंडाळायची, यात काहीच पदरात पडत नाही.

डेक्रॉनचा (पॉलिएस्टरचा; बी-५०, बी-५५) धागा ताणला की थोडा वाढतो आणि सुटतानाचा हिसका स्वतः पचवतो. ४० पौंडी (ओढायला ४० पौंडांचा जोर लागणाऱ्या) धनुष्याला त्याचे १२ धागे, ५० पौंडांना १४. फास्टफ्लाइट, डी-९७ हे डायनीमा जातीचे (अतिमजबूत पॉलिथिलीनचे) धागे जवळपास वाढतच नाहीत. एकेक धागा १०० पौंडांच्या आसपास ताण सोसतो, त्यामुळे आठ धागे ताकदीला भरपूर होतात. फक्त तो हिसका मग थेट धनुष्याच्या टोकांवर जातो. इंडियन राउंड या आपल्याकडच्या स्पर्धाप्रकारात वापरतात तसलं बांबूचं धनुष्य असेल आणि टोकांवर शिंगाचा किंवा फायबरग्लासचा जोड नसेल, तर डेक्रॉनच वापरा. जुन्या लाकडी धनुष्यांनाही हेच लागू. (सातपुड्यातले भिल्ल बांबूच्या धनुष्याला बांबूच्याच सालीची पट्टी दोरी म्हणून लावतात. तिथं हे गणितच निराळं.)

आता एक नमुना घेऊ: ६६ इंची लाँगबो (साधं लांब धनुष्य), ४० पौंड, टोकं मजबूत केलेली. तयार दोरी धनुष्यापेक्षा ३ इंच आखूड, म्हणजे ६३ इंच. रिकर्व्ह (टोकं पुढं वळलेलं धनुष्य) असेल तर ४ इंच आखूड. डी-९७ चे ८२ इंची आठ धागे कापा, चार-चारच्या दोन लडी करा, शक्यतो दोन रंगांच्या. रंग वेगळे असले की पेड चुकत नाहीत. धाग्यांची टोकं एका रेषेत ठेवू नका. प्रत्येक धागा आधीच्यापेक्षा अर्धा इंच मागे सरकवा. सगळी टोकं एकाच जागी संपली तर मानेखाली (मान म्हणजे फासालगतचा पिळाचा जाड भाग) पायरी पडते आणि दोरी तिथंच झिजते.

फास जाड करणाऱ्या भरणीसाठी त्याच धाग्याचे १२ इंची आठ तुकडे घ्या: प्रत्येक टोकाला, प्रत्येक लडीत दोन. लडीच्या टोकापासून ८ इंचांवर खूण करा, तिथं फास सुरू होतो. त्या खुणेच्या पुढे-मागे पसरतील असे तुकडे लडीत घाला, त्यांचीही टोकं मागे-पुढे ठेवून. मग मेण. पाच भाग मधमाश्यांचं मेण आणि एक भाग राळ मंद आचेवर वितळवून वडी पाडावी. राळ जास्त झाली तर मेण ठिसूळ होऊन पांढरे कण झडतात. भरणीचे तुकडे मूळ धाग्यांना चिकटून एकजीव दिसेपर्यंत चोळा. इथं घाई केली की पिळताना तुकडे घरंगळतात.

खुणेपाशी दोन्ही लडी चिमटीत धरा. वरची लड आपल्यापासून दूर पिळा आणि खालच्या लडीवरून आपल्याकडे आणा. मग दुसरी तशीच. टोकाच्या दिशेनं ३ इंच पीळ झाला की तो दुमडून फास करा. उरलेली शेपटं आपापल्या रंगाच्या लडीत मिसळा आणि तोच उलट पीळ ४-५ इंच पुढं न्या. खालच्या टोकाचा फास लहान, २ इंच पिळाचा पुरतो. वरचा मोठा, कारण दोरी उतरवल्यावर तो धनुष्याच्या अंगावर सरकावा लागतो.

पहिला फास खिळ्याला अडकवून दोन्ही लडी सुट्या करा, पंजानं विंचरा आणि प्रत्येक धाग्यावर सारखा ताण आहे ना ते बोटानं छेडून बघा. एखादा ढिला राहिला तर त्याचा भार बाकीच्यांवर जातो. आठ धाग्यांच्या दोरीत हे परवडत नाही. ६३ इंचांवर खूण करून दुसरा फास त्याच हातानं, त्याच दिशेनं पिळा. दिशा बदलली तर पुढं दोरीला पीळ देताना एक मान आवळते आणि दुसरी उकलते. 

दोरी चढवण्याआधी तिला मानेच्याच दिशेनं १५ ते २० वेढे द्या. कमी दिले तर दोरी पसरट राहते आणि आवाज करते. फारच दिले तर ती स्प्रिंगसारखी वागते. मुठीचं अंतर (चढवलेल्या धनुष्यात मुठीपासून दोरीपर्यंतचं) लाँगबोला साधारण ७ इंच ठेवा आणि वेढे कमी-जास्त करून तिथं आणा.

सर्व्हिंग ६-७ इंच पुरे, पिळाच्याच दिशेनं गुंडाळलेली. नाहीतर वेढे वाढवताना ती सैल पडते. बारीक दोरीची खरी अडचण इथं येते: बाणाची खाच ढिली बसते. ढिला बाण सुटण्याआधीच दोरीवरून घसरला तर ते रिकामं धनुष्य सोडल्यासारखंच, आणि त्यात धनुष्य मोडू शकतं. उपाय दोन. सर्व्हिंगखाली डेंटल फ्लॉसचा एक थर द्या, किंवा जाड दोऱ्याची सर्व्हिंग घाला. धनुष्य आडवं धरून बाण दोरीला खाली लोंबता लावा. तो आपोआप पडायला नको आणि बाजूला दोरीवर टिचकी मारली की पडायला हवा.

नवी दोरी काही तास चढवून ठेवा, ५०-६० बाण मारा, मगच सर्व्हिंगवर बाणाच्या जागेची खूण पक्की करा. डायनीमाला उष्णता मानवत नाही. सततच्या ताणाखाली तो उन्हात हळूहळू लांबतो आणि मुठीचं अंतर कमी होतं. चढवलेलं धनुष्य मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. एक जरी धागा तुटला तरी आठ धाग्यांची दोरी लगेच बदला.