पेरणीची ओल, रिंगणाची माती

बेळगाव आणि चिक्कोडी भागातल्या शेतांच्या बांधांवर उभे राहून मी नोकरीची सगळी वर्षे काढली. मी सर्व्हे खात्यात मोजणीदार होतो. माणूस एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे असे केव्हा म्हणतो, आणि आपण ती मानतो एवढ्यावर केव्हा थांबतो, हा प्रश्न त्या कामात रोज समोर येई. बांधाच्या अलीकडचा शेतकरी विठोबाची शपथ घेऊन सांगे की हद्द त्या बाभळीपासून आहे. पलीकडचा तितक्याच खरेपणाने सांगे की ती ओघळापासून आहे. आणि दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसे, कारण दोघांनाही ते आपापल्या आज्याने सांगितलेले असे. मग नकाशा उलगडायचा, हद्दीचा जुना दगड शोधायचा आणि ३३ फुटांची साखळी टाकायची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. हा हिशेब कोणाच्याच आज्याच्या बाजूचा नसतो, म्हणून नाराज झालेला माणूसही शेवटी तो स्वीकारतो. निवृत्तीनंतर मी आषाढीची पायी वारी धरली ती भक्तीपोटी. पण नोकरीतला हा प्रश्न काही सुटला नाही, उलट वारीत तो अधिक स्पष्ट दिसू लागला.

माझे शिकलेसवरलेले नातेवाईक असे समजतात की कचेरीत ज्ञान असते आणि दिंडीत श्रद्धा असते. मला हे पटत नाही. ज्ञान आणि श्रद्धा यांच्यामधला बांध वारकऱ्याइतक्या काळजीने राखणारी माणसे मी कमी पाहिली आहेत. तो त्याविषयी बोलत नाही, पण कोणत्या गोष्टीवर काय पणाला लावायचे हे तो चुकत नाही.

संकेश्वर मागे टाकून आमची दिंडी चिक्कोडीच्या बाजूला वळली तेव्हा वाटेतली बरीच रानं नांगरून, कुळवून तयार होती आणि सोयाबीनची पेरणी पावसासाठी खोळंबली होती. दुपारच्या विसाव्याला बोलणे अर्थातच नक्षत्रांवर आले. सूर्य मृग नक्षत्रात जून महिन्याच्या ७ किंवा ८ तारखेला जातो. ही तारीख पंचांगकर्ते गणिताने काढतात आणि तिच्याबद्दल वाद नसतो. त्याच पंचांगात प्रत्येक नक्षत्राचे वाहनही दिलेले असते. वाहन हत्ती, बेडूक किंवा म्हैस असेल तर पाऊस बरा, गाढव असेल तर कमी, असे सगळेच बोलतात. आमच्यातल्या एका शेतकऱ्याने चालू नक्षत्राचे वाहन सांगितले, ते पावसाचे असल्याबद्दल समाधान व्यक्त केले, आणि मग तो उठून शेजारच्या रानात गेला. तिथे त्याने तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसली, खालची माती ओंजळीत घेतली, मूठ आवळली आणि उघडली. मातीचा गोळा क्षणभर राहिला आणि अंगठा लागताच भुगा होऊन सांडला. त्याने तिथूनच गावी मुलाला फोन लावला आणि सांगितले, "वरवर भिजलंय नुसतं. खाली ओल नाही. बी उगवून करपंल. अजून चार दिवस चाड्यावर मूठ धरू नको."

वाहनावर त्याचा अविश्वास नव्हता, पण बियाण्याचे पैसे त्याने ओलीवर लावले. मला या प्रसंगात विसंगती दिसत नाही. वाहन त्याला लहानपणापासून मिळालेले आहे, ते बोलताना त्याला वर्षाची सुरुवात झाल्यासारखे वाटते, आणि ते चुकले तर कोणी त्याला जाब विचारणार नाही. ओलीचा अंदाज चुकला तर मात्र रान पंधरा दिवसांत जाब विचारते. इथे खानापूर तालुक्यातली धूळवाफेची पेरणी आठवल्याशिवाय राहत नाही. तिथे भाताचे बी पावसाच्या आधी कोरड्या मातीतच पेरतात. नवख्याला हे निव्वळ भरवशाचे काम वाटेल. परंतु त्या जमिनीत, त्या पावसात, कोणते बी किती दिवस कोरडे तग धरते हे तिथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले आहे, आणि जे चुकीचे होते ते दरवर्षी गळून पडत आले आहे. ते बहुतेकांनी पुस्तकातून घेतलेले नाही म्हणून त्याला श्रद्धा म्हणणे हा त्या शेतकऱ्यांवर अन्याय आहे, आणि पंचांगात छापले आहे म्हणून वाहनाला ज्ञान म्हणणे ही छापील अक्षराची भीड आहे.

पुढे कृष्णेकाठी अंकली लागते. ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीपुढे चालणारे घोडे या गावचे. मूळचे सातारा भागातल्या आरफळचे हैबतबाबा यांनी १८३२ च्या सुमारास आळंदीहून पालखी सोहळा सुरू केला आणि अंकलीच्या शितोळे सरकारांनी त्याला घोडे आणि इतर सरंजाम दिला. तेव्हापासून हे घोडे दर ज्येष्ठात अंकलीहून निघतात आणि चालत आळंदीला पोचतात. एका घोड्यावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणी बसत नाही, कारण त्यावर माऊली बसलेले असतात. आम्ही पोचलो तेव्हा घोडे केव्हाच पुढे गेलेले होते आणि गावात सगळीकडे त्यांचेच बोलणे होते.

ज्या घरी आमचे चहापाणी झाले तिथल्या वृद्ध बाईंना मी सरळ विचारले, "मावशी, माऊली घोड्यावर बसतात हे तुम्हांला ठाऊक आहे, की तुम्ही तसं मानता?" त्या रागावल्या नाहीत. माझ्या कपात आणखी चहा ओतत म्हणाल्या, "असं का विचारूलालास बाळा? घोडं कुठल्या वाटेनं गेलं ते मला ठाऊक हाय, मी वेशीपर्यंत सोडाय गेलते. माऊली बसत्यात ते बघाय जायचं नसतंय. ते धरून चालायचं." मग त्यांनी घोडे किती वाजता निघाले ते सांगितले आणि त्यांच्या सुनेने वेळ दुरुस्त केली. ती दुरुस्ती त्यांनी लगेच मान्य केली.

मी त्या दुरुस्तीवर बराच विचार केला आहे. निघायची वेळ, रस्ता, मुक्काम, घोड्याचा खुराक या सगळ्यांत त्या बाई चूक मान्य करायला तयार होत्या, कारण ते त्या ज्ञान म्हणून बाळगत होत्या आणि ज्याला दुरुस्ती चालते तेच ज्ञान. माऊलींच्या बसण्याबद्दल त्या दुरुस्ती मागत नव्हत्या, पुरावा देत नव्हत्या, आणि मी ते मानलेच पाहिजे असा आग्रहही धरत नव्हत्या. माझ्या लेखी हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. आग्रह नसलेल्या श्रद्धेशी माझे कधीही भांडण होणार नाही.

मांजरीच्या पुलावरून कृष्णा ओलांडल्यावर आमच्याबरोबर अथणीकडचे एक निवृत्त मास्तर चालत होते. त्यांची मातृभाषा कन्नड, हरिपाठ मात्र मराठीतला आणि तोंडपाठ. आमच्या सीमाभागातल्या दिंडीत याचे कोणाला नवल वाटत नाही. दिंडीतल्या एका तरुणाने भानुदासांची गोष्ट काढली: कृष्णदेवरायाने विठ्ठलाची मूर्ती विजयनगरला नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली. तो हे आपण पाहिल्यासारखे सांगत होता आणि पुरावा म्हणून म्हणाला की हंपीचे विठ्ठल मंदिर आजही रिकामे आहे. मास्तर शांतपणे म्हणाले, "मंदिर रिकामं आहे, मी बघून आलोय. पण रिकाम्या गाभाऱ्यावरून मूर्ती कुठं गेली ते कळत नाही. नुसतं रिकामा आहे एवढंच कळतंय."

त्यांनीच मग पंढरपूरच्या मंदिरातल्या १२३७ सालच्या लेखाचे सांगितले. तो होयसळ राजा सोमेश्वराच्या काळचा असून संस्कृत आणि कन्नडमध्ये आहे, आणि त्यात भीमेकाठच्या पंडरगे या ठिकाणाचा उल्लेख येतो. यावर तरुणाला वाटले की मास्तर विठ्ठल कन्नडिगांचा आहे असे सिद्ध करू पाहत आहेत, आणि त्याने मंदिरातला 'चौऱ्याऐंशीचा शिलालेख' या नावाने ओळखला जाणारा लेख पुढे केला, ज्यात यादव राजा रामचंद्राच्या काळातल्या देणग्या नोंदलेल्या आहेत. दोन्ही दगड खरे आहेत, पण दोघांपैकी कोणताही दगड या वादाचा निकाल देत नाही. पहिला एवढेच सांगतो की १२३७ साली या क्षेत्राला मान होता आणि एका राजाने त्याला दान दिले. दुसरा एवढेच सांगतो की १२७३ ते १२७७ या काळात मंदिरासाठी कोणी किती दिले. हद्दीचा दगड आपण कुठे उभा आहे ते सांगतो. जमीन कोणाला मिळायला हवी होती हे त्याला विचारता येत नाही. आम्ही सीमेवरची माणसे. आपापला भाव इतिहासाच्या वहीत पक्क्या शाईने नोंदवून घ्यावा असा मोह इथे दोन्ही बाजूंना होतो. तो मोह मला समजतो, कारण त्यामागे दुखावलेले मन असते. तरीही दगडाने जेवढे सांगितले तेवढेच लिहावे.

वाटेतल्या एका बाजाराच्या गावी मात्र वेगळा प्रकार पाहायला मिळाला. आमच्या दिंडीतल्या एका अक्कांना साखरेचा आजार आहे आणि त्यांच्या गोळ्या चालू आहेत. तिथल्या एका गृहस्थाने त्यांना एक भस्म दिले, पैसे घेतले आणि वारी पुरी होईपर्यंत गोळ्या बंद ठेवायला सांगितले; पांडुरंगावर विश्वास असेल तर गोळी लागणार नाही, असे तो म्हणाला. संध्याकाळी हे वीणेकरी बुवांच्या कानावर आले. बुवांनी भस्माबद्दल एक शब्द काढला नाही. त्यांनी पाण्याचा तांब्या मागवला, अक्कांच्या पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढायला लावली आणि म्हणाले, "कपाळाला लावायचं ते लावा. गोळी माझ्यासमोर घ्या." अक्कांनी गोळी घेतली. त्या रात्रीच्या भजनात बुवांनी तुकोबांचा अभंग घेतला, "सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता", आणि अर्थ सांगताना ते म्हणाले की चार लोक म्हणतात म्हणून खरे होत नाही, आणि देवाचे नाव घेऊन सांगितले म्हणूनही नाही. ज्ञानेश्वरांनीही अमृतानुभवात हेच धाडस केलेले आहे: शिवाने किंवा श्रीकृष्णाने सांगितले एवढ्यासाठी आम्ही हे मानतो असे नाही, त्यांनी सांगितले नसते तरी ते तसेच ठरले असते. ज्या परंपरेच्या मुळाशी हे वाक्य आहे तिला आंधळी म्हणणाऱ्यांनी ते एकदा वाचावे असे मला कळकळीने वाटते.

भस्म देणाऱ्याने श्रद्धेला ज्ञानाचा अधिकार मागितला होता. पावसाचे वाहन कोणाला बी पेरायला लावत नाही, माऊलींचा घोडा कोणाला औषध सोडायला सांगत नाही. हा गृहस्थ मात्र एका बाईच्या रक्तातल्या साखरेवर हुकूम सोडत होता आणि चुकल्याची भरपाई करायला तिथे थांबणार नव्हता. मोजणीत मी चुकलो तर माझ्यावर अपील होई. ज्याच्यावर अपील करता येत नाही त्याने दुसऱ्याच्या जिवाबद्दल निकाल देऊ नये.

पंढरपुरात पोचल्यावर चंद्रभागेचे पाणी अक्कांनी डोक्याला लावले, थेंबभर ओठाला लावले. स्वयंपाकासाठी टँकरचे पाणी भरून त्यात शुद्धीकरणाचे औषध टाकायला सांगणाऱ्याही त्याच. त्याआधी, पंढरपूरच्या अलीकडे वाखरीला बाजीराव विहिरीजवळ रिंगण झाले होते. घोडे धावून गेल्यावर माणसे टापांखालची माती उचलून कपाळाला लावू लागली, त्यांत मीही होतो आणि मास्तरही होते.

दर्शन झाल्यावर मास्तरांनी बुवांपुढे एक मागणी ठेवली. चौऱ्याऐंशीच्या शिलालेखाला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो या समजुतीने पिढ्यान्‌पिढ्या त्या दगडाला पाठी घासल्या गेल्या आहेत, पण त्यावर काय कोरले आहे हे दिंडीतल्या मुलांना कोणी सांगत नाही. पुढच्या वर्षी एका मुक्कामावर हरिपाठाआधी तो लेख वाचून दाखवावा, देणगीदारांची नावे, रक्कम, शके, सगळे. बुवांनी थोडा विचार केला आणि होकार दिला, फक्त एक अट घातली.

"वाचा मास्तर, जरूर वाचा. पण पाठ घासणाऱ्याला हटकायचं नाही."

"हटकत नाही की," मास्तर म्हणाले. "पण शके विचारलं, तर पाठ घासणाऱ्यानंसुद्धा बरोबर सांगायला पाहिजे."